खाडीतल्या जिताड्यासाठी तळाची गरी कशी जुळवावी

गरीचं सामान घ्यायला गेलं की बहुतेक जण आधी काठी हातात घेतात. मग काठीला शोभेल असं रीळ, रिळात मावेल ती दोरी, आणि गळ, शिसं, फिरक्या (दोरीला पीळ पडू नये म्हणून मध्ये जोडायच्या फिरत्या कड्या) उरलेल्या पैशांत. तळावर जिताडा गरवायचा असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो. पाणी किती ओढतंय आणि खाली चिखल आहे की कातळ, हे आधी पाहायचं. त्यावरून शिसं ठरतं. माशाच्या तोंडावरून ट्रेस, म्हणजे गळाला बांधलेला शेवटचा जाड दोरा, आणि गळ ठरतो. एवढं सगळं फेकता येईल आणि मासा आवरता येईल अशी काठी सर्वांत शेवटी. पुढचं लिखाण याच क्रमाने केलं आहे.

रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तोच गोव्याच्या बाजूला चोणक. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग ते तेरेखोल अशा सगळ्या खाड्यांचं निमखारं पाणी त्याला मानवतं. विणीसाठी तो खाडीच्या मुखाकडे जातो आणि पिल्लं भरतीबरोबर आत खाजणात, खारजमिनीच्या शेतांत शिरतात. पेण-अलिबागकडे शेततळ्यांत जिताडा वाढवण्याची पद्धत त्यामुळेच रुजली.

त्याच्या तीन सवयी सामान ठरवतात. पहिली, तो मोकळ्या तळावर फारसा भटकत नाही. पुलाचा किंवा जेटीचा खांब, तिवरांची मुळं, खारबांधाच्या उघाडीचं (पाणी सोडायच्या दाराचं) तोंड, कातळाची कड अशा ठिकाणी ओढीच्या आडोशाला थांबतो आणि पाण्याबरोबर वाहत येणारी बोय-कोळंबी टिपतो. म्हणून गळाला लागताच त्याची पहिली धाव त्याच आडोशाकडे असते, आणि तिथे खांबाखांबावर कालवं असतात. दुसरी सवय तोंडाची. त्याला कापणारे सुळे नाहीत, पण जबड्याच्या कडेला बारीक दातांचा पट्टा असतो, हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखा लागतो. शिवाय कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी कापते. तिसरी, तो आमिषाला कुरतडत बसत नाही. तोंड एकदम उघडून पाण्यासकट आत ओढतो, आणि काही जड किंवा टणक जाणवलं तर तितक्याच चटकन बाहेर टाकतो.

पाणी आणि शिसं

तळाच्या गरीत सगळ्यात जास्त चुकतं ते शिशाचं वजन. कमी झालं की मांडणी वाहत जाऊन खांबात अडकते. जास्त झालं तर माशाला आमिष उचलताच जडपणा कळतो, शिवाय फेकताना काठीवर भार येतो. वजन कोणत्या दिवशी किती लागणार हे मात्र आदल्या रात्री घरी बसून बरंचसं ठरवता येतं.

जुना हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, उत्तर तासांत पूर्ण भरतीची वेळ देतं. चतुर्थीला 3 च्या सुमाराला, अष्टमीला 6 च्या, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला हा हिशेब चांगला जुळतो. रत्नागिरी-मालवणकडे भरती त्याच्या आधी येते, आणि कुठल्याही खाडीत आत जाल तसतशी मुखापेक्षा उशिरा. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि दररोज वेळ सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते.

अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे एकदोन दिवस उधाणाचे. त्या दिवसांत मुंबई-अलिबागकडे पाणी 4 मीटरहून जास्त चढतं-उतरतं, मालवण-वेंगुर्ल्याकडे साधारण 2 मीटरच्या आसपास. अष्टमीच्या पुढेमागे भांग, तेव्हा ओढ बरीच मंद. आणि एकाच ओहोटीतही वेग सारखा नसतो. सहा तासांचे सहा भाग केले तर पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा हिस्सा जातो, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्यात पुन्हा एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी निघून जातं. सकाळी व्यवस्थित बसलेलं 50 ग्रॅम शिसं दोन तासांनी घसरायला लागतं ते या कारणाने. त्यात काही बिघडलेलं नसतं, फक्त वजन बदलायची वेळ झालेली असते.

पाण्याचा वेग दुप्पट झाला तर दोरीवरचा रेटा चौपट होतो. हा रेटा दोरीच्या जाडीप्रमाणेही वाढतो. 30 पौंडी (30 पौंड ताण सोसणारी) ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली दोरी साधारण 0.28 मिमी जाड असते, तेवढ्याच ताकदीचा नायलॉनचा तंगूस साधारण 0.55 मिमी. दोरी निम्म्या जाडीची झाली की रेटाही जवळपास निम्मा होतो आणि त्याच पाण्यात शिसं बरंच कमी पुरतं. ब्रेडेड दोरीचा तळाच्या गरीत सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. टोच, म्हणजे माशाने आमिषाला तोंड लावल्याचा हिसका, लवकर कळते, हा त्यानंतरचा.

सुरुवातीला एवढं जवळ असू द्या: भांगाला आणि पाणी थांबायच्या वेळेला 20 ते 40 ग्रॅम, एरवी खाडीत 50 ते 80, उधाणाच्या मधल्या तासांत 100 ते 120. 120 ग्रॅमही टिकत नसेल तर वजन वाढवत बसू नका, जागा बदला. एवढ्या ओढीत जिताडासुद्धा उघड्यावर थांबत नाही. तो खांबामागच्या किंवा वळणाच्या आतल्या बाजूच्या संथ पाण्यात असतो, आणि तिथे 60 ग्रॅम पुरतात.

आकार तळाप्रमाणे निवडायचा. चिखलावर चपटं शिसं वर राहतं. गोळा आत रुततो आणि काढताना चिखल त्याला धरून ठेवतो. वाळू आणि बारीक रेवेवर पिरॅमिडसारखं टोकदार शिसं रोवून बसतं. कातळावर लांबट, गुळगुळीत, कोपरे नसलेलं घ्या, कारण प्रत्येक कोपरा कपारीत अडकतो.

शिसं महाग पडतं म्हणून दगड बांधणारे बरेच आहेत. चालतं, पण एक हिशेब लक्षात ठेवा. शिसं पाण्यापेक्षा अकरापट जड असल्याने पाण्यात त्याचं वजन जेमतेम नऊ-दहा टक्क्यांनी घटतं. दगडाचं जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटतं. 100 ग्रॅमचा दगड तळावर 60 ग्रॅमएवढाच धरतो आणि आकाराने मोठा असल्याने ओढ जास्त खातो. जुने स्पार्क प्लग किंवा नट दगडापेक्षा बरे, आणि अडकून गेले तर खाडीत शिसं तरी राहत नाही. कालवांच्या तळावर आम्ही तेच सुचवू.

सरकत्या शिशाची मांडणी

तळाच्या मांडण्या अनेक आहेत, पण जिताड्यासाठी एकच शिकायची असेल तर ती सरकत्या शिशाची. शिसं दोरीला पक्कं बांधलेलं नसतं, दोरीवरून सरकतं. मासा आमिष घेऊन निघाला की दोरी शिशातून मोकळी जाते आणि त्याला वजन लगेच जाणवत नाही. तोंडात आलेलं जड काही तो टाकून देतो, म्हणून ही मांडणी.

रिळाकडून गळाकडे क्रम असा: ब्रेडेड दोरी, तिला 4 ते 5 मीटर जाड नायलॉनचा तुकडा म्हणजे लीडर, लीडरवर सरकती कडी आणि तिला शिसं, मग मणी, मग फिरकी, फिरकीच्या खाली ट्रेस, ट्रेसला गळ.

लीडर 40 ते 50 पौंडी घ्या. ब्रेडेड दोरी ताणाला भक्कम असली तरी घासण्याला कच्ची असते, कालवाच्या कडेला एकदा टेकली तरी तुटते. म्हणून तळाजवळचे 4-5 मीटर जाड नायलॉनचे. दुसरं कारण फेकण्याचं. फेकीच्या झटक्यात शिशाच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. दर 28 ग्रॅम शिशामागे 10 पौंड ताकदीचा लीडर, हा किनाऱ्यावरून जोरात फेकणाऱ्यांचा नियम आहे. 80 ग्रॅमला 30 पौंडी, 120 ग्रॅमला 45-50 पौंडी. लीडर इतका लांब हवा, की फेकायच्या पवित्र्यात त्याचे चारसहा वेढे रिळावर असतील. नाहीतर झटका बारीक दोरीवर येतो, ती तुटते आणि शिसं कुणाच्याही दिशेने जाऊ शकतं.

दोरी आणि लीडर जोडायला दुहेरी युनी गाठ पुरते. दोन्ही टोकं 20-25 सेंमी एकमेकांवर घ्या. ब्रेडेड दोरीचं टोक मागे वळवून फास करा आणि त्या टोकाने फासाच्या आतून दोन्ही दोऱ्यांभोवती 7-8 वेढे द्या, हलकं ओढा. लीडरच्या टोकाने दुसऱ्या बाजूने असेच 4-5 वेढे. थुंकीने किंवा पाण्याने ओलं करा, मग दोन्ही मूळ दोऱ्या विरुद्ध दिशेला ओढा, दोन्ही गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतात. ओलं करणं टाळू नका. कोरडं नायलॉन गाठीत घासून तापतं आणि तिथेच कमजोर होतं. लीडरचं टोक अगदी जवळ कापा, ब्रेडेडचं 2-3 मिमी सोडा, कारण ते थोडं सरकतं. एफजी गाठ याहून बारीक होते आणि काठीच्या कड्यांतून अलगद जाते, पण तिला सराव लागतो. घरी उजेडात वीसेक वेळा बांधून पाहिल्याशिवाय ती खाडीवर बांधायला घेऊ नये.

सरकती कडी म्हणजे प्लास्टिकची छोटी नळी आणि तिला क्लिप, दुकानात स्लायडर नावाने मिळते. ती नसेल तर मोठी फिरकी घ्या, तिच्या एका डोळ्यातून लीडर जाऊ द्या आणि दुसऱ्या डोळ्याला क्लिप लावा. भोक असलेलं अंडाकृती शिसं थेट लीडरवर ओवता येतं, पण वजन बदलायचं तर दरवेळी गाठ कापावी लागते. ओहोटीत दोनतीनदा वजन बदलणार असाल तर क्लिपच बरी.

तिच्या खाली 6-8 मिमीचा मऊ रबरी किंवा प्लास्टिकचा मणी. तो शोभेसाठी नाही. प्रत्येक फेकीला शिसं येऊन फिरकीच्या गाठीवर आदळतं, मणी नसेल तर तीच गाठ ठेचून तुटते. फिरकी 60 ते 80 पौंडांची, साधी पिंपाच्या आकाराची घ्या. फार मोठी घेतली तर तिच्यावर गवत-शेवाळ गोळा होतं.

तळ कातळाचा असेल तर क्लिप आणि शिसं यांच्यामध्ये 15-20 सेंमी कमजोर तंगूस घाला, साधारण 12 पौंडी. शिसं अडकलं की तेवढंच तुटतं, बाकी मांडणी आणि कधीकधी मासाही हाती येतो. मात्र हा जोड जेटीवरून किंवा होडीतून सरळ खाली सोडायच्या गरीसाठीच. 80 ग्रॅम शिसं या तंगुसावर जोरात फेकलंत तर ते हवेतच सुटून जाईल.

ट्रेस आणि गळ

ट्रेस 50 ते 60 पौंडी, म्हणजे साधारण 0.70 ते 0.80 मिमीचा. एवढा जाड ताणासाठी नको असतो, कारण मुख्य दोरी 30 पौंडी असेल तर त्याहून जास्त ओढता येणारच नाही. जाडी हवी ती झिजण्यासाठी. दहा मिनिटं मासा लढला तर ट्रेस जबड्याच्या कडेवर सतत घासत राहतो आणि 30 पौंडी तंगूस त्यात संपतो. फ्लुओरोकार्बन थोडं कडक असतं, घासायला टिकतं आणि बुडतं. परवडत असेल तर निदान ट्रेसपुरतं घ्या. स्टीलची तार लावायची गरज नाही. जिताडा कापत नाही, घासतो, आणि तारेच्या कडकपणामुळे आमिष नीट हलत नाही.

लांबी ओढीवर ठरते. जोराच्या पाण्यात आणि अडचणीच्या जागी 35 ते 45 सेंमी, संथ पाण्यात 70 ते 90. लांब ट्रेसवर जिवंत आमिष जास्त मोकळं फिरतं, पण फेकताना तो लीडरभोवती गुंडाळतो. गुंता होत असेल तर आधी ट्रेस आखूड करा. तेवढ्याने भागलं नाही तर शिसं पाण्याला टेकायच्या क्षणी रिळावरच्या दोरीला बोट लावून वेग मारा. आमिष पुढे निघून जातं आणि ट्रेस सरळ होतो.

गळ गोल वळणाचा, ज्याचं टोक आत दांडीकडे वळलेलं असतं, तो घ्या. सर्कल हूक मागितलं की मिळतो. 10-15 सेंमीच्या बोयीला 5/0 ते 7/0, कोळंबीला 2/0 ते 4/0. इथे शून्याआधीचा आकडा वाढला की गळ मोठा होतो. हा गळ सहसा पोटात अडकत नाही. मासा तोंड मिटून वळला की गळ सरकत जबड्याच्या कोपऱ्यात येतो आणि तिथे फिरून बसतो. जाड ट्रेस त्या कोपऱ्यातून बाहेर राहतो, म्हणून घासणंही कमी. पण आमिषाने गळाचं तोंड भरून गेलं तर तो फिरूच शकत नाही. टोक आणि दांडी यांच्यातली निम्मी तरी जागा मोकळी दिसली पाहिजे. आमिष मोठं असेल तर गळ मोठा करा, आमिष गळावर चेपून बसवू नका.

ट्रेस गळाच्या दांडीवर बांधला तर उत्तम. टोक डोळ्यातून गळाच्या टोकाच्या बाजूने आत घाला, 20 सेंमी दांडीवर येऊ द्या. ते वळवून दांडीला समांतर फास करा. टोकाने फास आणि दांडी एकत्र धरून 6-7 वेढे द्या, ओलं करून आधी टोक आणि मग मूळ तंगूस ओढा. असं बांधल्याने ताण आला की गळाचं टोक बाहेरच्या बाजूला झुकतं. उलट बाजूने ओवलं तर ते आत झुकतं आणि गळ निसटतो. दरवेळी काही न लागता गळ रिकामा परत येत असेल तर आधी हे तपासा.

आमिष

जिवंत बोय सर्वांत चांगली, त्यानंतर जिवंत कोळंबी, त्यानंतर ताजी तारली किंवा बांगड्याचा तुकडा. ओढीत बोय वरच्या ओठातून खालून वर ओवावी, म्हणजे तिचं तोंड प्रवाहाकडे राहतं आणि ती बराच वेळ जगते. थांबलेल्या पाण्यात पाठीच्या पराच्या मागे, कण्याच्या वरून ओवा. कोळंबीच्या डोक्यात वरून काळसर डाग दिसतो. तिथे गळ गेला की ती मेली. डोक्यावरच्या काट्याच्या बुडाशी, डागाच्या पुढून आडवा घाला किंवा शेपटीच्या शेवटच्या मण्यातून.

मेलेलं आमिष वापरताना शेपटी कापून टाका. शेपटी ओढीत पंख्यासारखी फिरते आणि फिरकी असूनही ट्रेसला पीळ पडतो. तुकडा 8-10 सेंमीचा, गळ फक्त एका कडक टोकातून एकदाच, टोक पूर्ण बाहेर.

खेकडे आमिष खाऊन टाकतात, हा खाडीतला रोजचा प्रश्न. दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाहून घ्या. फार त्रास असेल तर गळाच्या 10 सेंमी वर ट्रेसवर सुपारीएवढा कॉर्क अडकवा. आमिष तळापासून वीतभर वर तरंगतं, खेकड्याला पोचत नाही आणि जिताड्याला मात्र लांबून दिसतं. जिवंत आमिषाच्या बादलीत बॅटरीवरचा हवेचा पंप असू द्या, नसेल तर बोयी थोड्या ठेवा आणि पाणी वारंवार बदला.

दोरी, रीळ, ड्रॅग

मुख्य दोरी 30 ते 40 पौंडी ब्रेडेड, 200 मीटर. नायलॉनच वापरायचं तर 0.45 ते 0.50 मिमी. नायलॉन ताणलं की वीसेक टक्क्यांपर्यंत लांबतं, त्यामुळे दूरची टोच उशिरा कळते, पण जेटीखालच्या खांबांत ते जास्त सोसतं. रीळ 4000 ते 6000 मापाचं. रिळावर थेट ब्रेडेड गुंडाळू नका, खाली दहाबारा वेढे नायलॉन द्या. नाहीतर ताण आला की सगळी दोरी रिळाच्या दांड्यावर गरगर फिरते आणि ड्रॅग सैल आहे असंच वाटत राहतं.

ड्रॅग म्हणजे किती ताणाला रीळ दोरी सोडेल ते. अंदाजाने पीळ देऊन ते ठरवणं बरोबर नाही. घरचा ताणकाटा दोरीच्या टोकाला लावा, काठी वाकेल अशी धरा आणि दुसऱ्याला काटा ओढायला सांगा. दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ती सुटली पाहिजे. 30 पौंड म्हणजे 13.6 किलो, तेव्हा साडेतीन ते साडेचार किलो. खांबांजवळ तिसरा हिस्सा, मोकळ्या पाण्यात पाव. याहून जास्त घट्ट करू नका, कारण गाठीत दोरीची काही ताकद जातेच, आणि रिळावरची दोरी कमी झाली की तोच ड्रॅग आपोआप जड होतो. गुंडाळीचा व्यास निम्मा झाला तर दोरी ओढायला दुप्पट जोर लागतो. लांब धावेनंतर दोरी अचानक तुटण्याचं कारण बहुधा हेच असतं.

काठी

खाडीकाठावरून 8 ते 10 फूट, 40 ते 100 ग्रॅम फेकणारी. जेटीवरून किंवा होडीतून 7 फूट पुरते आणि मासा वर आणायला तीच सोयीची. मोकळ्या पुळणीवरून फेकायचं तर 12-13 फुटी हवी, पण जिताड्यासाठी एवढ्या लांब फेकायची वेळ क्वचित येते. तो बहुधा पायाजवळच्या आडोशाला असतो. काठीचा शेंडा मऊ आणि बूड भक्कम असावं. शेंडा टोच दाखवतो, मासा बुडाने ओढला जातो. कार्बनची काठी विजेच्या तारांखाली उभी करू नका, खाडी ओलांडणाऱ्या तारा भरतीच्या वेळी होडीतून फार खाली येतात.

मांडणी पाण्यात गेल्यावर

ओहोटीचे शेवटचे दोन तास उघाडी आणि खाडीच्या छोट्या फाट्यांच्या तोंडाशी, आणि भरतीचा पहिला दीड तास खांब व कातळाच्या कडेला. पाणी आत साचलेलं असताना बोय-कोळंबी तिवरांत पांगलेली असते, उतरताना ती अरुंद तोंडातून बाहेर यावी लागते. आमिष आडोशाच्या आत टाकू नका, दोनतीन मीटर वरच्या ओढीला टाका. वास आणि हालचाल माशाकडे पाणीच नेतं, आणि गळाला लागल्यावर त्याला खांबापासून लांब ठेवायला तेवढी जागा मिळते.

काठी स्टँडमध्ये पक्की रोवलेली हवी. नुसती कठड्याला टेकवलेली काठी जिताड्याच्या पहिल्या धावेत पाण्यात जाते. शेंडा एकदोनदा हलेल, मग संथ वाकत जाईल. गोल गळ असताना झटका देऊ नका. झटक्याने गळ वळायच्या आत तोंडातून सरळ बाहेर येतो. काठी उचला आणि ताण वाढवत रीळ फिरवा, बास. साध्या गळाची सवय असलेल्यांना हे जड जातं आणि सुरुवातीचे बरेच मासे यातच सुटतात. मासा पाण्याबाहेर उसळून डोकं झाडतो तेव्हा शेंडा खाली पाण्याकडे न्या, पण दोरी ढिली पडू देऊ नका.

शेंडा नुसता टकटक हलत राहिला तर खेकडा किंवा शेंगटी. शेंगटी काढताना पक्कडीने धरा. तिच्या पाठीचा आणि बाजूच्या परांचा काटा विषारी असतो. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, वेदना उतरतात. काटा आत मोडला असेल तर डॉक्टरांकडे जावंच लागतं.

जिताडा वर घ्यायला 60 सेंमीहून मोठ्या तोंडाची जाळी लागते, डोक्याकडून घ्यायची. दोरी धरून जेटीवर उचलायला गेलात तर त्याच्या वजनाने झिजलेला ट्रेस तिथे तुटतो. हातमोजा घालून खालचा जबडा धरा. कल्ल्याच्या झाकणात बोटं घालू नका, बोट कापलं जातं. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, साधारण 80 सेंमीच्या पुढचे बहुतेक मासे माद्या. अंडी देणारे तेच, म्हणून तसा मासा आणि पावशेराचं पिल्लू दोन्ही पाण्यात सोडावं असं आमचं स्पष्ट मत आहे. गोल गळामुळे ते सहज जमतं. सोडताना तोंड ओढीकडे करून पाण्यात धरा, शेपटीला जोर आला की सोडा.

प्रत्येक माशानंतर ट्रेस दोन बोटांतून ओढून पाहा. खरखर लागली की कापून नवा लावा, अर्ध्या मीटर तंगुसाची किंमत नगण्य आहे. घरी आल्यावर काठी-रीळ गोड्या पाण्याच्या बारीक धारेने धुवा. जोराचा फवारा मारलात तर खारं पाणी रिळाच्या आत ढकललं जातं. सुकल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून चिकटतात आणि पुढच्या वेळी दोरी अडखळत सुटते. काठीच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवा. जिथे कापसाचे तंतू अडकतील ती कडी तडकलेली आहे, ब्रेडेड दोरी तिथेच कापली जात असते, आणि ती कडी बदलल्याशिवाय नवी दोरी भरून उपयोग नाही.